टेक्सासमध्ये बॅकफ्लो टेस्टरचं लायसन्स: कोर्स, परीक्षा, गेज आणि आरपीची चाचणी

फ्रिस्कोचा_मेंटेनन्सवाला

नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला एका ऑफिस कॅम्पसच्या देखभालीत काम करतो. एअर कंडिशनिंग आणि पाण्याच्या लाइन दोन्ही आमच्याकडेच आहेत. त्याआधी पुण्यात एका कारखान्यात युटिलिटीचं काम केलं आहे, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. बॅकफ्लो, म्हणजे पाणी उलटं फिरून पिण्याच्या लाइनमध्ये येणं, रोखायला कॅम्पसमध्ये मुख्य लाइनला २ इंची आरपी (एकाच दिशेने पाणी सोडणारे दोन चेक व्हॉल्व्ह आणि त्यांच्या मधलं पाणी बाहेर टाकणारा रिलीफ व्हॉल्व्ह), चिलरच्या मेकअप लाइनवर (कमी झालेलं पाणी भरणारी लाइन) पाऊण इंची आरपी, बागेच्या स्प्रिंकलरला पीव्हीबी (एक चेक आणि हवा आत घेणारा एअर इनलेट) आणि फायर लाइनला डबल चेक डिटेक्टर (दोन चेक व्हॉल्व्हचं उपकरण), एवढी उपकरणं आहेत. ती तपासायला दरवर्षी बाहेरचा टेस्टर येतो. आता कंपनी म्हणते, लायसन्स काढा, खर्च आम्ही करतो.

पात्रता काय लागते, कोर्समध्ये काय करून घेतात, प्रॅक्टिकलला लोक कुठे अडकतात आणि गेज कोणतं घ्यावं, हे जाणकारांनी सांगावं. आणखी एक. चिलरवरची आरपी मधूनच रिलीफमधून पाणी टाकते आणि थांबते. टेस्टरने ती पास केली आहे. उपकरण पास आहे तर गळतं कसं?

---

नळ_आणि_नियम

कागदपत्रांचं आधी. टेक्सासमध्ये हे लायसन्स टीसीईक्यू, म्हणजे राज्याचं पर्यावरण खातं देतं. त्याला सगळे बीपीएटी (बॅकफ्लो प्रिव्हेन्शन असेंब्ली टेस्टर) म्हणतात. तीन गोष्टी लागतात: हायस्कूल किंवा तत्सम शिक्षण, मान्य क्षेत्रातला २ वर्षांचा कामाचा अनुभव आणि टीसीईक्यूने मान्य केलेला ४० तासांचा कोर्स. त्यानंतर परीक्षा. प्लंबिंग, पाणीपुरवठा, इरिगेशन अशा कामांचा अनुभव धरला जातो. तुमच्या इथल्या कामात पाण्याची लाइन आहेच, ती अर्जात ठळकपणे लिहा. "बिल्डिंग मेंटेनन्स" एवढंच लिहिलंत तर समोरच्याला काही कळत नाही. आरपीचं सर्व्हिसिंग, मेकअप लाइन, पंप, व्हॉल्व्ह बदलणं, असं कामवार लिहा आणि तुमच्या वरिष्ठांकडून तेवढंच स्पष्ट पत्र घ्या. पुण्यातला अनुभव आणि डिप्लोमा जोडायचा असेल तर मार्कलिस्ट, प्रमाणपत्र आणि कंपनीचं पत्र इंग्रजीत तयार ठेवा. ते कसं धरणार हे कोर्सचे पैसे भरायच्या आधी खात्याला ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्या.

अर्ज परीक्षेच्या आधी करायचा असतो, कोर्स झाल्यावर निवांत नाही. लायसन्स ३ वर्षांचं असतं. नूतनीकरणाला २४ तासांचं प्रशिक्षण लागतं आणि त्यात प्रत्यक्ष चाचणी करून दाखवण्याचा भागही येतो. म्हणजे खुर्चीत बसून ऑनलाइन तास भरले आणि काम झालं असं होत नाही, आणि तसं होऊ नये हेच योग्य आहे.

लायसन्स हातात आलं म्हणजे लगेच कोणत्याही शहरात चाचणी करता येते असं समजू नका. बहुतेक शहरं आणि पाणीपुरवठा संस्था टेस्टरची आपली वेगळी नोंदणी मागतात: लायसन्सची प्रत, गेजचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, काही ठिकाणी विमा. अहवालही बऱ्याच ठिकाणी त्यांच्या पोर्टलवरूनच भरावे लागतात. तुमचा कॅम्पस ज्या संस्थेचं पाणी घेतो तिच्या क्रॉस-कनेक्शन विभागाला (पिण्याची लाइन दुसऱ्या लाइनला जोडली जाऊ नये हे पाहणारा) एक फोन करा आणि त्यांची यादी मागवा.

फायर लाइनबद्दल विशेष सांगतो, कारण तुमच्याकडे ती आहे. बीपीएटी लायसन्सवर घरगुती, व्यापारी, औद्योगिक आणि इरिगेशनच्या उपकरणांची चाचणी आणि दुरुस्ती करता येते. फायर लाइनवरच्या उपकरणाला मात्र तुम्ही मान्यताप्राप्त फायर लाइन कॉन्ट्रॅक्टरकडे कायम नोकरीला असायला हवं. स्टेट फायर मार्शलच्या कार्यालयाची ती अट आहे. तेव्हा तो डबल चेक डिटेक्टर बाहेरच्या माणसाकडूनच करून घ्यावा लागेल. कंपनीला हे आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर चार उपकरणांचा हिशेब धरून बसतील.

---

गेजधारी

प्रॅक्टिकलबद्दल मी लिहितो. आकडे आधी पाठ करा, त्यांच्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. आरपी: रिलीफ व्हॉल्व्ह २.० पीएसआयडी (दोन बाजूंच्या दाबातला फरक, पीएसआयमध्ये) किंवा त्याच्या वर उघडला पाहिजे. पहिला चेक किमान ५.० धरून राहिला पाहिजे आणि तो आकडा रिलीफ उघडण्याच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. दुसरा चेक उलट्या दाबाला घट्ट बसला पाहिजे. डबल चेक: दोन्ही चेक किमान १.०. पीव्हीबी: एअर इनलेट किमान १.० ला उघडतो आणि चेक किमान १.० धरतो.

आरपीची चाचणी दाबातला फरक दाखवणाऱ्या, पाच नीडल व्हॉल्व्हच्या डिफरन्शियल गेजवर (हाय आणि लो बाजूचे ब्लीड व कंट्रोल, शिवाय व्हेंट कंट्रोल) अशी होते. आधी जागेच्या माणसाला सांगा की पाणी बंद होणार. उपकरणाचा मेक, मॉडेल, साइज, सिरियल नंबर टॅगवरून स्वतः वाचून लिहा. गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवू नका, कारण मधल्या काळात उपकरण बदललेलं असतं आणि जुना नंबर वर्षानुवर्षं चालत राहतो. मग टेस्ट कॉक (उपकरणावरचे चाचणीचे छोटे नळ, पाणी येण्याच्या बाजूने पहिला ते चौथा) धुऊन घ्या. चौथा उघडून प्रवाह चालू करा, बाकीचे एकेक उघडून बंद करा. दुसरा सावकाश, नाहीतर रिलीफ भसकन उघडतो. कॉकमधून गंजाचे कण, वाळू निघते. ती गेजमध्ये गेली तर पुढच्या सगळ्या आकड्यांवर पाणी.

हाय साइडची नळी दुसऱ्या कॉकला, लो साइडची तिसऱ्याला. तिसरा सावकाश उघडून लो ब्लीडमधून हवा काढा. लो ब्लीड उघडाच ठेवून दुसरा कॉक उघडा आणि हाय ब्लीडमधून हवा काढा. हाय ब्लीड बंद. आता दुसरा शटऑफ (उपकरणानंतरचा, पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह) बंद करा आणि मगच लो ब्लीड हळूहळू बंद करा. गेजची सुई खाली घसरत जाऊन रिलीफ सतत वाहायला लागला तर पहिला चेक गळतो आहे, तिथेच थांबा. सुई स्थिर राहिली तर तो आकडा लक्षात ठेवा, पण अजून अहवालात लिहू नका.

रिलीफची चाचणी: हाय कंट्रोल साधारण एक फेरा उघडा, लो कंट्रोल पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. सुई सावकाश उतरू द्या. एक हात रिलीफच्या तोंडाखाली धरा. पहिला थेंब हाताला लागला त्या क्षणी सुई जिथे असेल तो आकडा. परीक्षेत सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात. लो कंट्रोल घाईने उघडतात, सुई धावते, आणि थेंब दिसेपर्यंत ती खऱ्या आकड्याच्या बरीच खाली गेलेली असते. चांगली आरपी कागदावर नापास होते. आकडा घेतला की लो कंट्रोल लगेच बंद.

दुसऱ्या चेकसाठी तिसरी नळी, म्हणजे व्हेंटची, आधी व्हेंट कंट्रोल उघडून हवा काढून चौथ्या कॉकला लावा आणि तो कंट्रोल बंद करा. कॉक उघडा. लो ब्लीड थोडा उघडून मधल्या झोनचा (दोन चेकच्या मधल्या जागेचा) दाब परत खाली आणा. सुई मघाच्या स्थिर आकड्याच्या वर गेली की ब्लीड बंद करा. आता व्हेंट कंट्रोल उघडा. सुई थोडी उतरून रिलीफच्या आकड्याच्या वरच थांबली तर दुसरा चेक घट्ट. उतरून रिलीफच्या आकड्याला पोचली आणि रिलीफ टिपकायला लागला तर लो ब्लीडने पुन्हा एकदा दाब बसवून बघा. पुन्हा तसंच झालं तर चेक गळका.

इथेच दुसरा कॉक बंद करून सुईकडे बघा. ही पायरी लोक गाळतात आणि तीच सगळ्यात मोलाची आहे. सुई जागच्या जागी राहिली तर दुसरा शटऑफ घट्ट आहे. शून्याकडे पडली तर शटऑफमधून पाणी पुढे जातं आहे आणि तुमच्या आकड्यांवर भरवसा नाही. वर चढली तर पुढून पाणी मागे येतं आहे. जुन्या गेट व्हॉल्व्हवर हे फार आढळतं. कॉक परत उघडा, झोन पुन्हा बसवा, सुई स्थिर झाल्यावर जो आकडा दिसेल तो पहिल्या चेकचा. आता लिहा.

शेवटी सगळे टेस्ट कॉक बंद, नळ्या काढा, दुसरा शटऑफ सावकाश उघडा. परीक्षेत शटऑफ उघडायला विसरणं म्हणजे थेट नापास होण्याचं कारण. इमारतीत विसरलात तर अर्ध्या तासात फोन येतो.

---

डबलचेक_दादा

गेजधारींनी आरपी सुरेख सांगितली. डबल चेक आणि पीव्हीबीला एक वेगळा सापळा आहे, तो लिहून ठेवा: गेजची उंची.

आरपीत दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या असतात, म्हणून हवा नीट काढली असेल तर गेज वर धरा की खाली, फरक तोच येतो. डबल चेकमध्ये एकच नळी जोडलेली, दुसरी बाजू हवेला उघडी. तिथे पाण्याच्या स्तंभाचं वजन थेट आकड्यात मिसळतं. १ पीएसआय म्हणजे २७.७ इंच पाणी, म्हणजे १ फुटाला ०.४३. उपकरण जमिनीपासून २ फूट वर आहे आणि तुम्ही गेज जमिनीवर ठेवलं, तर आकडा ०.८७ ने जास्त दिसतो. ०.३ धरणारा फुटका चेक १.१७ दाखवून पास होतो. उलट, उपकरण खड्ड्यात आहे आणि तुम्ही काठावर उभे राहून ३ फूट वर गेज धरलं, तर १.३ ने कमी दिसून चांगला चेक नापास. गेज नेहमी पुढच्या उघड्या कॉकच्या पातळीला धरा. पहिल्या चेकसाठी तिसरा, दुसऱ्यासाठी चौथा. कॉक उपकरणाच्या सगळ्यात उंच भागाखाली असेल तर त्याला उभी पारदर्शक नळी लावून पाणी वर आणा आणि गेज त्या नळीच्या तोंडाच्या पातळीला धरा.

तिसऱ्या कॉकमधून पाणी थांबतच नसेल तर चेकला दोष देऊ नका. पहिला शटऑफ गळतो आहे. आधी तो पाहा.

पीव्हीबीचा टोप काढल्यावर एअर इनलेटकडे डोळे लावून ब्लीड पाव फेऱ्याने सोडा. तो नुसता उघडला एवढं पुरत नाही, पूर्ण उघडला का हेही अहवालात विचारलेलं असतं. रबर सीटला चिकटून राहतं, विशेषतः स्प्रिंकलर महिनोन्महिने बंद असतील तर.

---

फ्रिस्कोचा_मेंटेनन्सवाला

फार उपयोगी. मग आमच्या चिलरच्या आरपीचं काय? आणि गेज विकत घेताना नेमकं काय पाहायचं?

---

गेजधारी

गेज पाच व्हॉल्व्हचं घ्या. तीनचंही चालतं, पण शिकताना पाचवर कोणतं पाणी कुठे जातं ते डोळ्यांना दिसतं. कोर्समध्ये ज्या मेकवर शिकवतात तेच घेतलंत तर परीक्षेत हात अडखळत नाही. मिड-वेस्टचं ८४५-५ पुष्कळांकडे असतं. वर्षातून एकदा अचूकतेची तपासणी बंधनकारक आहे, आणि गेजचा सिरियल नंबर व तपासणीची तारीख प्रत्येक अहवालावर जाते. गेज पडलं, किंवा रात्री गाडीत राहून त्यातलं पाणी गोठलं, तर वर्ष व्हायची वाट न पाहता पाठवा.

पिण्याच्या आणि न पिण्याच्या पाण्याला वेगळी गेज ठेवा. टीसीईक्यूच्या २०७०० क्रमांकाच्या फॉर्मवर तो रकानाच आहे. ज्या नळीने ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात तो द्रव) किंवा पुनर्वापराच्या पाण्याला स्पर्श केला ती पिण्याच्या लाइनला लावणं म्हणजे ज्या गोष्टीपासून लोकांना वाचवायचं तीच आपल्या हाताने करणं.

---

नळ_आणि_नियम

चिलरच्या आरपीबद्दल. पास होणं म्हणजे चाचणीच्या त्या १५-२० मिनिटांत, स्थिर दाबाखाली ती नीट चालली. मधूनच पाणी टाकून थांबणं, याला इकडचे लोक थुंकणं म्हणतात, आणि बहुतेक वेळा कारण उपकरणाबाहेर असतं. पुरवठ्याचा दाब क्षणभर पडतो. झोनमधला दाब अडकून राहिलेला असतो, पडत नाही. दोघांतला फरक रिलीफच्या आकड्याखाली गेला की रिलीफ उघडतो. त्याला तेच करायला ठेवलेलं आहे. त्याच लाइनवर बूस्टर पंप सुरू होतो का, टॉयलेटचे फ्लश व्हॉल्व्ह एकदम चालतात का, झटकन बंद होणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) आहे का, हे पाहा. चिलरच्या मेकअपवर सोलेनॉइड असतोच बऱ्याचदा.

आता जुना अहवाल काढा आणि दोन आकडे शेजारी ठेवा: पहिला चेक किती आणि रिलीफ किती. चेक ८ आणि रिलीफ ३ असेल तर मध्ये ५ ची मोकळीक आहे. चेक ५.२ आणि रिलीफ ४ असेल तर दोन्ही पास, पण मोकळीक फक्त १.२. असं उपकरण दाबाच्या लहानशा धक्क्याला थुंकणार. पहिल्या चेकची रबर डिस्क, स्प्रिंग आणि सीट पाहा. मोकळीक चांगली असून थुंकत असेल तर आरपीच्या आधी स्प्रिंगचा साधा चेक व्हॉल्व्ह बसवला की वरच्या बाजूचा दाब पडण्याचा परिणाम थांबतो.

थांबतच नाही, सतत वाहतं, अशी वेळ आली तर शोध असा घ्या. दुसरा शटऑफ बंद करा. गळती थांबली तर दुसरा चेक गळका आहे आणि पुढून दाब येतो आहे. तुमच्या बंद लूपमध्ये हे सहज होऊ शकतं. नाही थांबली तर चौथा कॉक उघडून थोडा प्रवाह करा. प्रवाह सुरू होताच थांबली तर पहिल्या चेकमध्ये कचरा अडकला आहे किंवा सीटला खाच आहे. तरीही वाहत राहिली तर दोष रिलीफमध्ये: डायफ्रॅम फाटला, सीटवर खडा, किंवा दाब पोचवणारी बारीक वाट बुजली. उघडायच्या आधी शटऑफ बंद करून सगळे कॉक सोडून दाब काढा. स्प्रिंग दाबलेली असते, झाकण उडून तोंडावर येऊ शकतं.

रबर डिस्क उलटी करून बसवायची सवय काहींना असते. करू नका. दुरुस्तीच्या भागांची किट आणा, सीट बोटाने चाचपून पाहा, आतलं पाण्याने धुवा आणि पूर्ण चाचणी परत करा. फॉर्मवर दुरुस्तीआधीचे आकडे, वापरलेले भाग आणि नंतरचे आकडे असे तिन्ही लिहायचे असतात. पहिले नापास आकडे गाळून नुसते नंतरचे भरणं चुकीचं आहे. पाणीपुरवठा संस्थेला पुढच्या वर्षी त्यातूनच कळतं की हे उपकरण थकत चाललं आहे.

---

एडिसनकर

मी न्यू जर्सीत आहे. टेक्सासचं लायसन्स इकडे चालेल का? एएसएसई ५११० (बॅकफ्लो टेस्टरचं प्रमाणपत्र) केलं तर सगळीकडे चालतं असं ऐकलं.

---

नळ_आणि_नियम

आपोआप कुठलंच सगळीकडे चालत नाही. एएसएसई ५११० आणि एबीपीएचं (अमेरिकन बॅकफ्लो प्रिव्हेन्शन असोसिएशन) प्रमाणपत्र देशभर ओळखीचं आहे, बरीच राज्यं आणि संस्था ते मानतात. टेक्सासला मात्र टीसीईक्यूचंच लायसन्स लागतं. चाचणीच्या पद्धतीतही जागेनुसार फरक पडतो. टेक्सासमध्ये यूएससीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) पुस्तिकेतली पद्धत शिकवतात. दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथे कोणती पद्धत मागतात ते आधी विचारा. आकडे जवळपास सारखे असले तरी नळ्या जोडण्याचा क्रम वेगळा असतो, आणि परीक्षक क्रमच पाहतो.

---

डबलचेक_दादा

हे सगळं एवढं काटेकोर का, असं कोर्समध्ये कुणीतरी विचारतंच. टेक्सासचंच उदाहरण द्या. डिसेंबर २०१६ मध्ये कॉर्पस क्रिस्टी शहराच्या पाण्यात औद्योगिक भागातून इंड्युलिन एए-८६ हे डांबराच्या कामातलं रसायन मागे आल्याच्या संशयावरून अख्ख्या शहराला नळाचं पाणी वापरू नका असं सांगावं लागलं. पिणं नाही, अंघोळ नाही, उकळूनही नाही. पूर्ण बंदी उठायला जवळपास ४ दिवस लागले. एका जोडणीचा प्रश्न होता. तुमच्या चिलरच्या लूपमध्ये ग्लायकॉल किंवा गंजरोधक घातलेलं असेल तर तुमची पाऊण इंची आरपी तेच काम करते आहे, म्हणून तिला वर्षातून एकदा चाचणी सक्तीची.

आणि थंडीचं विसरू नका. फेब्रुवारी २०२१ सारखी लाट आली की उघड्यावरची पीव्हीबी आणि आरपी आधी फुटतात, कारण त्यांच्यात पाणी साचून राहतं आणि पीव्हीबीच्या आतले भाग प्लास्टिकचे असतात. गोठण्याचा अंदाज आला की इरिगेशनची लाइन आधीच्या व्हॉल्व्हवर बंद करा, टेस्ट कॉक उघडून पाणी सोडा, आणि उपकरणाचे बॉल व्हॉल्व्ह व कॉक दोन्ही ४५ अंशांवर अर्धे उघडे ठेवा. पूर्ण बंद बॉल व्हॉल्व्हच्या पोटात पाणी अडकतं आणि बर्फ झाला की तो व्हॉल्व्हच चिरतो. मुख्य लाइनची आरपी बंद करता येत नाही, तिला उबदार आवरण लावा, पण रिलीफचं तोंड मोकळं ठेवा. आवरणात रिलीफ गुंडाळून टाकलेल्या आरप्या खूप दिसतात. जमिनीपासून १२ इंचांची मोकळी जागा आणि खाली पाणी वाहून जायला वाट हवी. रिलीफ पूर्ण उघडला तर २ इंची आरपी खोलीत तळं करते.

---

फ्रिस्कोचा_मेंटेनन्सवाला

जुना अहवाल काढला. चिलरच्या आरपीवर पहिला चेक ५.४, रिलीफ ४.१.

---

नळ_आणि_नियम

मोकळीक १.३. पहिल्या चेकची किट मागवा, मॉडेल आणि साइज टॅगवरून द्या. उघडल्यावर डिस्कवर सीटची खोल गोल खूण उमटलेली असेल किंवा सीटवर कण असतील. लाइनमध्ये आधी गाळणी नसेल तर त्याच वेळी बसवून घ्या, पण त्या कामाला परवानाधारक प्लंबर लागेल. तुमचं लायसन्स येईपर्यंत उपकरणाची दुरुस्ती आणि नंतरची चाचणी दोन्ही सध्याच्या टेस्टरकडूनच करा, आणि त्याला सांगा की नंतरचा आकडा तोंडी नको, दोन्ही आकडे फॉर्मवर हवेत.